दह्याच्या डब्यावर छापलेलं जिवाणूचं नाव ठरवतं कोण? (पीसीआर, १६एस आणि पुढच्या भानगडी)

मांडवीकर (बडोदा)

'घरचं दही की विकतचं' या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, डब्यावर 'लॅक्टोबॅसिलस अमुक-तमुक' असं छापतात ते ठरवतात कसं? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल. सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, सुरुवात पीसीआरपासून (डीएनएच्या तुकड्याच्या भरमसाट प्रती काढायचं तंत्र) होत नाही. सुरुवात होते जिवाणू वाढवण्यापासून. दही निर्जंतुक सलाइनमध्ये दहा-दहा पट पातळ करत न्यायचं आणि आगरच्या प्लेटवर पसरायचं. लॅक्टोबॅसिलससाठी एमआरएस आगर वापरतात. द मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी १९६० मध्ये ते माध्यम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून आद्याक्षरं चिकटली ती चिकटलीच. दोन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवलं की बारीक पांढऱ्या कॉलनी दिसतात. त्यातली एक सुटी कॉलनी उचलून पुन्हा दुसऱ्या प्लेटवर रेघाटायची, म्हणजे एकाच जातीचा जिवाणू हाती लागतो. मग ग्रॅमचं रंजन, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. १८८४ सालची पद्धत, आजही पहिल्या तासाला तीच. दह्यातले जिवाणू जांभळे दिसतात, लांबुडके किंवा साखळीतले गोल. त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे येत नाहीत. आले तर तो लॅक्टिक गटातला नाही, पुढचा खर्च वाचला. या दोन स्वस्त चाचण्यांना नाक मुरडणाऱ्या नव्या मुलांचा मला राग येतो.

यानंतर डीएनए काढायचा. या जिवाणूंची भिंत जाड, नुसतं उकळून काम भागेलच असं नाही. लायसोझाइम घालून भिंत खिळखिळी करावी लागते. (लायसोझाइम म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात असतं तेच.) थेट दह्यातून डीएनए काढणार असाल तर कॅल्शियम आणि स्निग्धांश नीट धुवून टाका, नाहीतर पुढची अभिक्रिया रुसते.

आणि आता पीसीआर. बारक्या नळीत पंचवीस किंवा पन्नास मायक्रोलिटर द्रव असतो. त्यात जिवाणूचा डीएनए, दोन प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), चार प्रकारचे सुटे न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरं), मॅग्नेशियम आणि टॅक पॉलिमरेज नावाचं विकर. यंत्र तापमान ९५ अंशांवर नेतं, दुहेरी साखळी उकलते. मग ५५ च्या आसपास उतरतं, प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. मग ७२, तिथे टॅक नवी साखळी जोडत जातं. झाली एक फेरी. दर फेरीला दुप्पट, म्हणजे ३० फेऱ्यांत एका रेणूचे कागदावर १०७ कोटी. प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत, शेवटच्या फेऱ्यांत माल संपत येतो आणि विकरही थकतं.

गंमत अशी की सुरुवातीला हे विकर ई. कोलाय या जिवाणूचं वापरत. ते ९५ अंशांना मरायचं, म्हणून दर फेरीला झाकण उघडून नवं घालावं लागे. सुटका केली थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूनं, टॅक हे त्याचंच विकर. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत शोधला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. पीसीआर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कॅरी मुलिसला ती युक्ती सुचली १९८३ मध्ये आणि नोबेल मिळालं १९९३ मध्ये. पण हरगोविंद खोरानांच्या प्रयोगशाळेतून क्लेप आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच दोन प्रायमर वापरून डीएनएच्या प्रती वाढवण्याची कल्पना छापली होती, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीनं तरी यायला हवं. तेव्हा उष्णता सोसणारं विकर नव्हतं, प्रायमर बनवणं महाकष्टाचं होतं आणि कुठल्या जनुकाचा क्रम माहीत आहे म्हणावं तर तेही नव्हतं. कल्पना वेळेआधी आली.

पीसीआर झालं की जेलवर पळवायचं. डीएनए ऋणभारित, तो धन टोकाकडे धावतो, लहान तुकडे पुढे आणि मोठे मागे. लॅडरच्या (शेजारी पळवलेल्या, माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांच्या) १५०० अक्षरांच्या खुणेसमोर एक स्वच्छ बँड (पट्टा) दिसला की तो तुकडा सँगर सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमानं वाचायला, पाठवायचा आणि आलेला क्रम ब्लास्ट नावाच्या संगणक-प्रणालीत टाकून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायचा. जिथे जास्तीत जास्त जुळेल ते नाव. निदान लोक तसं समजतात. त्यात मेख आहे, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

---

सुरसागर_काठी

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: १५०० च का? आणि मुळात कुठला जिवाणू आहे हे माहीत नसताना त्याला चिकटणारा प्रायमर आधीच कसा बनवून ठेवता? हे म्हणजे पत्ता माहीत नसताना पत्र टाकण्यासारखं झालं.

---

मांडवीकर

काका, शंका बाळबोध नाही, सगळं इंगित तिथेच आहे.

प्रत्येक जिवाणूला प्रथिनं बनवायला रायबोसोम लागतो. त्याच्या लहान भागात १६एस नावाचा आरएनए असतो आणि त्याचं जनुक साधारण १५०० अक्षरांचं. ई. कोलायमध्ये नेमकं १५४२. रायबोसोम बिघडला तर पेशीच संपते, म्हणून या जनुकाचे काही पट्टे कोट्यवधी वर्षांत फारसे बदललेच नाहीत. मधले नऊ पट्टे मात्र भरपूर बदलतात. आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे एकसारखे, आतलं माजघर ज्याचं त्याचं वेगळं, तसं. प्रायमर दरवाजाला चिकटतात (२७एफ आणि १४९२आर ही नेहमीची जोडी) आणि प्रत निघते आतल्या माजघराची. त्यामुळे जिवाणू अनोळखी असला तरी चालतो.

कार्ल वूझनं १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे आर्किया हा जीवांचा वेगळाच गट दाखवून दिला. तेव्हा तर पीसीआरही नव्हतं, आरएनएचे तुकडे करून एकेक वाचायचे.

---

इंदुरी_जिरावन

भिया, ते कोविडच्या वेळी सगळे सीटी व्हॅल्यू, सीटी व्हॅल्यू करत होते ते हेच का? आमच्या सोसायटीत तर लोक बोर्डाच्या मार्कांसारखे सांगत होते, माझा २२, तुझा किती!

---

मांडवीकर

तेच, थोडं पुढचं रूप. कोविडचा विषाणू आरएनएचा, म्हणून आधी उलट्या दिशेनं डीएनए बनवून घेतात. मग दर फेरीला चमक मोजतात. ठरावीक पातळीच्या वर चमक ज्या फेरीत जाते तो सीटी आकडा. आकडा जितका लहान तितका माल जास्त. ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे साधारण दहा पट फरक. पण नाकात काडी कशी फिरवली यावरही तो बदलतो, त्यामुळे दोन माणसांचे, दोन वेगळ्या प्रयोगशाळांतले आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नव्हता.

---

ओपीडीनंतर

मी बडोद्यातच प्रॅक्टिस करतो. मांडवीकर, दह्याच्या धाग्यात क्षयरोग आणतोय, माफ करा, पण सामान्य माणसाच्या आयुष्यात या तंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच झाला आहे.

थुंकीच्या काचपट्टीवर रंजन करून जंतू दिसायचे तर मिलिलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. कल्चर केलं तर एल-जे माध्यमावर सहा ते आठ आठवडे. तोवर रुग्ण घरभर खोकत असतो. सीबीनॅट, म्हणजे क्षयासाठीचं पीसीआर यंत्र, आलं आणि चित्र पालटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०१० मध्ये त्याची शिफारस केली. मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू असले तरी सापडतात आणि उत्तर दोन तासांत. शिवाय ते आरपीओबी या जनुकाचा ८१ अक्षरांचा एक तुकडा तपासतं. रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंत बहुतेक बदल तिथेच असतात. म्हणजे क्षय आहे का आणि नेहमीचं औषध लागू पडेल का, दोन्ही एका बैठकीत. गोव्यात बनलेलं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, छोट्या केंद्रांत ठेवता येतं. २०२० मध्ये त्यालाही शिफारस मिळाली.

आता सावधगिरी. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हट्ट धरतात, 'डॉक्टर, पुन्हा ती मशीनवाली टेस्ट करा, मनाचं समाधान होईल.' करू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनए बरेच दिवस राहतो, टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि घरात हाहाकार. उपचाराचा परिणाम पाहायला स्मिअर (तीच काचपट्टी) आणि कल्चरच.

---

खवट_म्हातारा

डॉक्टरांनी माझ्या तोंडचा घास काढला. मेलेल्याचाही डीएनए वाढतो, तर मग दह्याच्या डब्यावरच्या नावाला काडीचा तरी अर्थ आहे का हो? उकळून मारलेल्या ताकातही 'लॅक्टोबॅसिलस सापडला' म्हणतील आणि वर दहा रुपये जास्त लावतील.

---

मांडवीकर

काका, शंभर टक्के. पीसीआर 'होता' एवढंच सांगतं, 'जिवंत आहे' हे सांगत नाही. एक उपाय आहे. पीएमए नावाचा रंग फाटक्या पेशीत शिरतो, उजेड दिला की तिथल्या डीएनएला जखडून टाकतो आणि मग तो डीएनए वाढत नाही. जिवंत पेशीची भिंत धड असते, तिच्यात तो शिरत नाही. पण मला विचाराल तर दह्यासाठी एवढी यातायात कशाला? प्लेटवर पसरा आणि कॉलनी मोजा. जिवंत असेल तो वाढेल.

---

एमएस्सी_भाग_एक

दादा, वाचूनच हुरूप आला. 😊 आमच्या प्रॅक्टिकलला निगेटिव्ह कंट्रोलमध्येच १५०० चा फिकट बँड येतोय. त्यात डीएनए घातलेलाच नाही, नुसतं पाणी! नवं पाणी, नव्या टिप्स, प्रायमरही नवे विरघळवले. मॅम म्हणतात तुमचे हात घाण. काय करू?

---

मांडवीकर

हात कदाचित स्वच्छच असतील. टॅक विकर आता ई. कोलायमध्येच तयार करून घेतात आणि शुद्ध करूनही त्यात ई. कोलायच्या डीएनएचे कण राहू शकतात. एरवी कुणाला पत्ता लागत नाही. पण तू वापरतेस ते प्रायमर कुठल्याही जिवाणूला चिकटणारे, त्यामुळे ते कणही इमानानं वाढवले जातात. फेऱ्या किती देतेस? ३५ असतील तर २८ वर आण आणि नमुन्याचा डीएनए भरपूर घाल. तरी बँड राहिला तर दुसऱ्या कंपनीचं विकर मागव, काही जण डीएनए-मुक्त म्हणून विकतात.

यातून खुलासा झाला नाही तर मग खोली बदल. वाढवलेला डीएनए जिथे उघडतेस (जेलचं टेबल) तिथे नवं मिश्रण कधीही बनवू नकोस. नळीचं झाकण फट्कन उघडलं की कोट्यवधी प्रतींचा तुषार उडतो आणि पिपेटच्या पोटात जाऊन बसतो. फिल्टरवाल्या टिप्स, ब्लीचनं पुसलेलं टेबल, दोन वेगळे अ‍ॅप्रन. त्या फिकट बँडकडे डोळेझाक करून रिपोर्ट लिहू नकोस, एवढं मात्र ऐक. तो बँड सिक्वेन्सिंगला पाठवलास तर खरं उत्तरच मिळेल: ई. कोलाय आला तर विकर, तुमच्या वर्गाचाच नमुना आला तर टेबल.

---

कमाटीबाग

'मेख आहे' असं म्हणून तुम्ही पसार झालात. रुमाल टाकून बसलोय.

---

मांडवीकर

मेख अशी. ९७ टक्के जुळलं की तीच जात, असं पूर्वी धरत. आता ९८.७ च्या आसपास धरतात. पण काही जिवाणू शंभर टक्के जुळूनही वेगळे असतात. ई. कोलाय आणि शिगेला १६एसवरून वेगळे काढता येत नाहीत, एक बहुतेक वेळा निरुपद्रवी आणि दुसरा रक्ती आव देणारा. दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि आपल्या तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस सलिव्हेरियस इतके जवळचे आहेत, की १६एसचा अर्धाच तुकडा वाचला तर गफलत ठरलेली. केसी, पॅराकेसी, रॅम्नोसस ही डब्यांवर झळकणारी त्रिमूर्ती तशीच. तिथे दुसरी जनुकं, म्हणजे फेएस वगैरे, वाचावी लागतात. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या जुन्या वंशाची (जीनस) फोड होऊन पंचवीस वंश झाले, त्यामुळे नोंदीतली जुनी नावं आणि नवी नावं यांचाही गोंधळ.

म्हणून ब्लास्टमध्ये सगळ्यात वर आलेलं नाव उचलून डब्यावर छापणं हा आळस आहे. वरच्या पाच ओळींत तीन वेगळ्या जाती सारख्याच टक्क्यांनी दिसत असतील तर प्रामाणिक उत्तर 'या तिघांपैकी एक' असंच असतं.

---

विश्वामित्री

सप्टेंबर १९९४ आठवतो का कुणाला? सुरतेत प्लेग म्हणून लाखो लोक गाव सोडून निघाले होते. बडोद्याच्या स्टेशनवर उतरणाऱ्याकडे लोक संशयानं बघायचे आणि औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिन मिळेना. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग. पण नंतर कित्येक वर्षं 'तो प्लेग नव्हताच' असं ऐकत आलो. तेव्हा हे तंत्र नव्हतं का?

---

मांडवीकर

वा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. तंत्र होतं, पण आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी. नमुने येईपर्यंत रुग्णाच्या पोटात प्रतिजैविकं गेलेली, त्यामुळे जंतू वाढवून दाखवणं कठीण. संशयाला जागा तिथून मिळाली.

पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या जंतूंचं १६एस वाचलं, आणि रॅपिड... चुकलं, आरएपीडी नावाच्या पद्धतीनं संपूर्ण जीनोमचे ठसे काढले. २००० मध्ये त्यांचा निबंध आला. निष्कर्ष: यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगच.

दोन पद्धती एकत्र का वापरल्या असतील, हे वरची मेख वाचलेल्यांच्या लक्षात आलं असेल. पेस्टिस आणि त्याचा पूर्वज यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस यांचं १६एस जवळजवळ तंतोतंत सारखं. नुसत्या १६एसवर कुणी 'प्लेग' म्हणालं असतं तर विरोधकांनी तिथेच पकडलं असतं. आरएपीडीत छोटे, दहा अक्षरांचे, कुठेही चिकटणारे प्रायमर वापरतात आणि बँडची जी नक्षी उमटते ती माहीत असलेल्या जंतूच्या नक्षीशी ताडतात. आज हेच काम थेट प्लेगच्या खास जनुकांवर पीसीआर करून होतं. पीएलए आणि सीएएफ१ ही ती दोन, दोन्ही प्लाझ्मिडवर (जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून सुट्या छोट्या डीएनए-कड्यांवर) असतात आणि स्यूडोट्यूबरक्युलोसिसकडे ती प्लाझ्मिडं नसतात.

---

लष्कर_ग्वाल्हेर

विश्वामित्रींना अनुमोदन, आम्हीही तेव्हा ग्वाल्हेरला रुमाल बांधून फिरत होतो. आमच्या झाशी रोडवरच्या डीआरडीईत, म्हणजे संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत, असेच घातक जंतू झटपट ओळखायच्या पद्धतींवर काम चालतं. अँथ्रॅक्सची गोष्ट प्लेगसारखीच. बॅसिलस अँथ्रॅसिस आणि शिळ्या भातात होणारा बॅसिलस सेरियस १६एसवरून ओळखू येत नाहीत. दोन प्लाझ्मिडं, पीएक्सओ१ आणि पीएक्सओ२, यांवरची जनुकं सापडली तरच घाबरायचं.

---

ओपीडीनंतर

मोठ्या रुग्णालयांत आता रोजच्या कामाला १६एस वापरतच नाहीत. माल्डी-टॉफ आहे. कॉलनी स्टीलच्या पट्टीवर फासायची, वर रसायनाचा थेंब, लेझर मारायचा, आणि उडालेल्या प्रथिनांचा आलेख काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतो. ज्या लेझर-युक्तीमुळे हे शक्य झालं तिच्या वाटेवरच्या कामाबद्दल कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. ई. कोलाय आणि शिगेला मात्र त्यालाही जड जातात. १६एस राखून ठेवायचं ते कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही अशा वेळी. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत, प्रतिजैविकं आधीच सुरू झालीत, मग झडपेचा तुकडाच पीसीआरला.

---

दांडियाबाजारची_लेक

मी हा धागा चुलीवर दूध ठेवून वाचतेय. 😄 आमच्याकडे सासूबाईंच्या विरजणाचं फार कौतुक. तेच विरजण नणंदेनं लग्नानंतर दहा वर्षांपूर्वी पुण्याला नेलं. दोन्ही घरी रोज लागतं, कधी मोडलेलं नाही. तिचं दही आंबट, आमचं गोडसर. दोन्हींचा १६एस केला तर विरजण एकच आहे का ते कळेल का?

---

मांडवीकर

नाही कळणार ताई. पण प्रश्न झकास आहे. १६एस दोन्हीकडे बहुधा तीच दोन-तीन नावं सांगेल आणि तुम्ही दोघी 'बघ, एकच' म्हणून मोकळ्या व्हाल. तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, कारण गल्लीतल्या डेअरीच्या दह्यातही तीच नावं निघतील. १५०० अक्षरं आणि पूर्ण जीनोम साधारण १८ लाखांचा. नातं शोधायचं तर पूर्ण जीनोम वाचावा लागेल, निदान आरएपीडी तरी.

आता हिशेब बघा. विरजणाचा जिवाणू रोज साधारण शंभर पट वाढतो असं धरू, म्हणजे साडेसहा पिढ्या. वर्षाला चोवीसशे, दहा वर्षांत चोवीस हजार. एवढ्या पिढ्यांत दोन घरच्या जीनोममध्ये थोडे फरक पडणारच. दोन्ही नमुन्यांत मोजके फरक असतील तर विरजण एकच. हजारो असतील तर कुणीतरी मध्येच गुपचूप शेजारणीकडून विरजण आणलंय आणि बोललेलं नाही. 😉

चवीचं मात्र वेगळं. पुण्याचं दूध वेगळं, फ्रीजचं तापमान वेगळं, किती तास बाहेर ठेवतात ते वेगळं. विरजण तेच राहून चव बदलू शकते.

---

दांडियाबाजारची_लेक

नणंद पुढच्या महिन्यात येतेय. नमुना कसा आणू ते सांगा. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

---

मांडवीकर

साय बाजूला सारून मधलं दही घ्या, चमचा उकळत्या पाण्यात बुडवून. औषधाच्या दुकानात लघवीच्या तपासणीची निर्जंतुक डबी मिळते ती चालेल. दोन्ही घरून दोन-दोन डब्या, तारीख आणि घर लिहून. पुण्याहून येताना बर्फाच्या पिशव्यांत घालून, गोठवू मात्र नका. आणि नणंदेच्या डब्यातलं दही इथे पोचल्यावर तुमच्या दुधाला लावून बघायचा मोह आवरा, आधी माझ्याकडे येऊ दे.

---

खवट_म्हातारा

निकाल इथे टाकायचा नाही. घरं मोडतील.